लेझरचा गोल आणि हातचा गोल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगाच्या पिशवीला हाताने पाडलेला गोलही पुरतो, या माझ्या लेखावर "लेझर अचूक गोल कापतो, तुमच्याकडे यंत्र नाही म्हणून कोल्ह्याला द्राक्षं आंबट," असं तुम्ही लिहिलंत. यंत्र माझ्याकडे नाही, हे खरंच आहे. पण आईच्या ऑपरेशनला लेझरचे जादा पैसे भरायचे का, हा तुमचा खरा प्रश्न दिसतो.

डोळ्यातल्या भिंगाची पिशवी पुढून जेमतेम १४ मायक्रॉन जाड. तिला गोल खिडकी पाडून मोतीबिंदू काढायचा आणि उरलेल्या पिशवीतच नवं भिंग बसवायचं. पूर्वी वाकवलेल्या सुईने गोलाकार टोचे मारत जायचे. हीच कॅन-ओपनर पद्धत. कड करवतीसारखी दातेरी व्हायची. कापडवाला कात्रीची एक टोच देऊन कापड टर्रकन फाडतो ना, तशी एखाद्या दात्यापासून पिशवी पार मागपर्यंत फाटायची भीती. १९८०च्या दशकात कॅनडात हॉवर्ड गिम्बेल आणि जर्मनीत थॉमस नॉयहान या डोळ्यांच्या सर्जननी, एकमेकांवर अवलंबून न राहता, पापुद्रा न तुटता गोल सोलून आणायची रीत बसवली. तीच रेक्सिस. अखंड कड ताणली तरी सहसा फाटत नाही. म्हणून साधारण ५ मिलिमीटरचा गोल जरा लंबगोल झाला, तरी नव्या भिंगाची ६ मिलिमीटरची चकती चहूबाजूंनी झाकली की मला पुरे.

लेझरचा गोल आखीव असतो, याबद्दल वादच नाही. पण त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली पोस्टाच्या तिकिटासारखी दिसते, छिद्राला छिद्र लागून. ब्रिटनमध्ये ७८५ रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा तीन महिन्यांनी दृष्टीत लेझर काही सरस ठरला नाही.

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. "कॅन-ओपनर हद्दपार झाली" हे माझं वाक्य चूक होतं, लेखात दुरुस्त केलंय. टाक्याविना छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत कडक गाभा अख्खाच बाहेर काढायचा असतो. लहान रेक्सिसमधून तो निघत नाही, म्हणून तिथे कॅन-ओपनर आजही वापरतात.

आता आईंबद्दल. मोतीबिंदू पांढराफटक, फुगलेला आहे का? तसा असेल तर आतल्या दाबामुळे सुई लागताच पिशवी आडवी फाटू शकते. निळ्या रंगाने रंगवलेल्या पिशवीत मधोमध पांढरा पट्टा दिसतो, म्हणून आम्ही त्याला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतो! अशा डोळ्यात लेझरचा विचार मीही करीन, पण तिथेही दुधाळ द्रव मध्ये आला की काप अर्धवट राहतो. साधा मोतीबिंदू असेल तर नुसत्या गोलासाठी जादा पैसे भरू नका.