लेकरांच्या डब्यात भाकरी द्या, आणि ताठ मानेनं द्या

जून आला की आमच्या पालकांच्या ग्रुपवर तेच सुरू होतं, डब्याला काय देताय, काहीतरी हेल्दी सांगा ना. मग रील्सवर रील्स. ओट्सचे मफिन, पॅनकेक, ब्रोकोली घातलेलं काहीतरी, क्विनोआ नावाचं परदेशी धान्य. बघून बघून नवीन आयांना टेन्शन येतं की आपण लेकराला काहीच चांगलं देत नाही.

मला यावर स्पष्ट बोलायचंय. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, तिला जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं सरकारी मानांकन, मिळालाय. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मिळालाय. शेंगाचटणी आपल्याकडून गावोगाव पार्सल जाते. 2023 साल तर अख्ख्या जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्यात ज्वारी होती की. आणि आपण सोलापुरात बसून लेकरांच्या डब्यासाठी क्विनोआ शोधायचा? मला नाही पटत. आपल्या घरात जे आहे त्यातच डबा चांगला भरतो, फक्त तो लेकराला खाता येईल असा करून द्यावा लागतो, आणि खरी मेहनत तिथंच आहे.

शेंगदाण्यात 100 ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे मूठभर दाणे खाल्ले की एका अंड्याइतकं प्रोटीन पोटात गेलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, नुसत्या भाकरी-चटणीवर थांबू नका. ज्वारीत लायसिन म्हणून प्रोटीनचा एक घटक असतो तो कमी पडतो, शेंगदाण्यातही तो फार नाही, तो भरून निघतो डाळीतून, मटकीतून, दह्यातून, अंड्यातून. म्हणून भाकरी, चटणी आणि सोबत मोडाची मटकी किंवा घट्ट वरण किंवा उकडलेलं अंडं, असं जमलं की झालं. मटकीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. आणि सकाळी शाळेत जाताना लेकराला चहा-खारी, चहा-टोस्ट देणं बंद करा ओ, हात जोडून सांगते. जेवणासोबत चहा घेतला की त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही, आणि भूक मारली जाते ती वेगळीच.

आता करायचं कसं. सकाळी साडेसहाला केलेली भाकरी डब्यात साडेदहापर्यंत वातड होते, लेकरू दोन घास खातं आणि डबा तसाच परत येतो. पहिली-दुसरीची पोरं तर बघा, पुढचे दोन दात पडलेले असतात, त्यांना तोडताच येत नाही. मी त्यांच्यासाठी धपाटे करते. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, मूठभर गव्हाचं पीठ, तीळ, ओवा, बारीक चिरलेली मेथी, आणि पीठ पाण्यात नाही तर दह्यात भिजवायचं. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोकं पाडून कडेनं थोडं तेल सोडायचं. दह्यामुळं धपाटं दुपारपर्यंत मऊ राहतं. गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं की वाफेनं चिकट होतं. आणि चार तुकडे करून द्या, बोटाएवढ्या पट्ट्या केल्या तर अजून चांगलं, कारण खायला वेळच नसतो.

चटणी घरच्या लेकरांसाठी वेगळी कुटा. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट अगदी नावाला. मिक्सरला कोरडी भुकटी होते, खलबत्त्यात कुटत राहिलं की दाण्याचं तेल सुटून ती ओलसर, एकजीव होते, मग धपाट्याला चिकटते, सांडत नाही. दाणे भाजायच्या आधी निवडून घ्या. बुरशी लागलेला, काळपट, खवट दाणा सरळ फेकून द्या, त्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असू शकतं आणि ते भाजून जात नाही. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही विचारून घ्या.

छोट्या सुट्टीला "सुका खाऊ" म्हणतात आणि तिथं बिस्किटचा पुडा जातो. आपल्याकडं कडक भाकरी आहे की! पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, कितीतरी दिवस टिकते, बाया घरी करून विकतात, पैसे गावातच राहतात. तिसरी-चौथीची पोरं कुडुमकुडुम खातात. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, सीझनला बोरं, पेरू, डाळिंबाचे दाणे. यातलं एकही महाग नाही.

एक तुलना मला नेहमी बोचते. सरकारी शाळेत पहिली ते पाचवीच्या लेकराच्या दुपारच्या जेवणाचं माप ठरलेलंय, 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन. प्रत्यक्षात कुठं काय मिळतं हा वेगळा विषय, पण निदान माप तरी आहे. आणि आपण फी भरून पाठवलेल्या लेकराच्या डब्यात काय असतं? जॅम-ब्रेड नाहीतर नूडल्स. डाळ कुठाय, भाजी कुठाय?

गेटबाहेरच्या गाड्यांचं पण तसंच. जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ गेटपासून 50 मीटरच्या आत लेकरांना विकायचे नाहीत असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 2020 सालचा नियम आहे. बहुतेक पालकांना माहीतच नाही. गाडीवाल्याशी भांडू नका, त्यालाही पोट आहे, पण तिथं उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी विकायला लावता येईल की.

आणि पाणी. सोलापूरचा मार्च-एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. कितीतरी मुली शाळेत पाणीच पीत नाहीत कारण बाथरूमला जायला नको वाटतं. भरलेली बाटली परत आली तर रागवू नका, कारण विचारा, आणि बाथरूम बघायला स्वतः शाळेत जा.

आता माझ्या मनातलं मूळ दुखणं. लेकीच्या वर्गातली एक पोरगी डब्याचं झाकण अर्धंच उघडते आणि हात आत घालून घास तोडते. आत भाकरी असते. कुणीतरी तिला "गावठी डबा" म्हणालं. माझी लेक हे सांगत होती तेव्हा मला इतकं वाईट वाटलं. ती पोरगी वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगलं खातीय आणि लपवून खातीय. हे पोरांना कोण शिकवतं? आपणच. आणि शाळापण. शाळेचा टिफिन चार्ट आलाय, सोमवारी चपाती-भाजी, मंगळवारी पुलाव, बुधवारी सँडविच, गुरुवारी इडली, शुक्रवारी पास्ता. सोलापुरातली शाळा, आणि आठवड्यात भाकरीला एक वार नाही.

मी पालक सभेत दोनच गोष्टी मागणारे. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांच्या डब्यात ज्वारी, भाकरी असो, धपाटं असो, कडक भाकरी असो, आणि बाईंनीही त्या दिवशी वर्गात बसून तेच खायचं. दुसरं म्हणजे मोठ्या सुट्टीत हात धुवायचा वेळ सोडून खायला पूर्ण वीस मिनिटं, कारण दहा मिनिटांत पोरं बिस्किटच खाणार. कुणाच्या शाळेत असं आधीच चालू असेल तर खाली नक्की लिहा, कसं सुरू केलं ते पण सांगा, सभा पुढच्या शनिवारी आहे.