कुलपावर कुलूप

साकीनाक्याला माझं छोटंसं स्टोरेज आहे. गिऱ्हाईक बहुतेक रीडेव्हलपमेंटवालं. बिल्डिंग पाडली, माणसं वन बीएचकेत भाड्याने गेली आणि आजेसासूबाईंचं शिसवी कपाट माझ्याकडे आलं. कपाट निमूट उभं असतं. त्रास माणसांचा.

पार्ल्याच्या एक काकू आहेत. ५ तारखेला मी व्हॉट्सॲपवर नुसते जोडलेले हात पाठवतो, १० ला बिल, १५ ला फोन. "अहो दादा, बिल्डरचंच भाडं आलं नाही!" म्हणजे बिल्डर काकूंना लटकवणार, काकू मला. मी कोणाला लटकवू? बिल फाडलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचाच. त्या पोर्टलला काकूंचा बिल्डर माहीत नाही.

चार महिने थकले तेव्हा त्यांच्या कुलपावर माझं कुलूप घातलं. तेही बिचकतच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७१ थकबाकीपोटी माल अडवायचा सरसकट हक्क बँका, आडते, विमा दलाल अशा मोजक्या मंडळींनाच देतं. बाकीच्यांनी तो करारात लिहून घ्यायचा. मी लिहून घेतलाय, पण तो अडवण्यापुरता. आणि विकायची मुभा असती तरी विकणार काय? तीन पाट, एका कडीचा झोपाळा, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि 'नाजूक' लिहिलेलं एक खोकं, ज्यात वरवंटा आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी काकू रिक्षा घेऊन दारात. "मखर काढायचंय."

"काकू, चार महिन्यांचं..."

"बाप्पाचं मखर अडवणार तुम्ही?"

पुढचा रिक्षावालासुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागला. मी कुलूप काढलं. मखर काढलं. आडवं बसेना म्हणून रिक्षात मागून धरायला साकीनाक्याच्या ट्रॅफिकमधून पार्ल्यापर्यंत मीच गेलो. मीटरही मीच दिला; काकूंकडे सुट्टे नव्हते.

अनंत चतुर्दशीनंतर मखर परत आलं. सोबत स्टीलच्या डब्यात एकवीस मोदक. भाड्याचं विचारायला तोंड उघडलं, तर त्यात एक मोदक आला.

जाता जाता काकू दारात थांबल्या.

"डबा मात्र आठवड्याच्या आत परत करा हं. लोकांची वस्तू ठेवून घेतलेली मला अजिबात खपत नाही."