जोगेंद्रनाथ मंडल यांच्याविषयीचा फिरता संदेश आणि त्यातले दावे

दर काही महिन्यांनी, आणि निवडणुका जवळ आल्या की हमखास, एक मराठी संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल हे मुस्लीम लीगने घडवलेले बाहुले होते, त्यांनी लीगच्या मतांवर डॉ. आंबेडकरांना संविधान सभेत पाठवले; आसाम प्रांतातला सिल्हेट जिल्हा त्यांच्यामुळेच पाकिस्तानात गेला; आणि शेवटी स्वतःच्या जिवावर बेतताच आपल्या लोकांना वाऱ्यावर सोडून ते रातोरात भारतात पळाले. संदेशातील काही तपशील खरे आहेत, म्हणूनच उरलेले खपून जातात. मंडल यांचे राजकारण बरोबर होते असे मी म्हणणार नाही. पण टीका करायची तर ती घडलेल्या गोष्टींवर व्हावी.

पहिला दावा बाहुल्याचा. मंडल यांचा जन्म 1904 साली पूर्व बंगालमधल्या बारीसालकडच्या एका नामशूद्र, म्हणजे तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या, शेतकरी कुटुंबातला. वकिली शिकून 1937 मध्ये ते बंगाल विधानसभेत निवडून आले, ते अपक्ष म्हणून. पुणे करारामुळे बंगालमध्ये अनुसूचित जातींसाठी तीस राखीव जागा होत्या. मंडल मात्र सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि त्यांनी काँग्रेसच्या जिल्हाध्यक्षांना, म्हणजे बारीसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांच्या पुतण्याला, हरवले. या विजयात लीगचा काही हात नव्हता. त्यानंतरची काही वर्षे ते सुभाषचंद्र आणि शरदचंद्र या बोस बंधूंच्या गोटात वावरत होते. लीगशी त्यांचा संबंध जुळला तो 1943 मध्ये, लीगचे नेते ख्वाजा नाझिमुद्दीन यांचे बंगालमधले मंत्रिमंडळ बनताना, आणि तोही अटी घालून: अनुसूचित जातींचे तीन मंत्री, त्यांच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची बिनशर्त अंमलबजावणी. पूर्व बंगालातील मुसलमान आणि नामशूद्र हे दोघेही बहुतांशी कुळे, मच्छीमार किंवा मजूर. तेव्हा त्यांचे आर्थिक हित एकच आहे, हा त्यामागचा हिशेब होता. हा हिशेब पुढे चुकला. पण अटी घालून पाठिंबा देणाऱ्या आमदाराला बाहुले म्हणता येत नाही.

दुसरा दावा आपल्याकडे सर्वाधिक रंगवला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. 1946 च्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकर बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले, ही गोष्ट खरी. मुंबई प्रांतातून त्यांना वाट नव्हती, आणि बंगालमध्ये त्यांच्यासाठी मते जमवण्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाचे तिथले आमदार असलेल्या मंडल यांचा पुढाकार होता, हेही खरे. मात्र ती निवडणूक कॅबिनेट मिशनच्या, म्हणजे ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाच्या, योजनेनुसार झाली. त्या योजनेत प्रांतिक विधानसभेच्या सदस्यांचे सर्वसाधारण, मुस्लीम आणि शीख असे गट पाडले होते आणि प्रत्येक गट फक्त आपलेच प्रतिनिधी निवडत असे. आंबेडकर सर्वसाधारण गटातून उभे होते. लीगच्या मुसलमान आमदारांना त्या गटात मतदानाचा अधिकारच नव्हता, त्यामुळे लीगच्या मतांवर निवडून येणे नियमानेच अशक्य होते. आंबेडकरांना मते दिली ती अनुसूचित जातींच्या आमदारांनी, आणि त्यांत काँग्रेसच्या तिकिटावर आलेलेही होते.

याच निवडणुकीवरून उलट बाजूनेही एक दंतकथा चालते: आंबेडकरांना निवडून दिल्याची शिक्षा म्हणून जेसोर, खुलना, बारीसाल आणि फरीदपूर हे हिंदुबहुल जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले. ते मत जिल्ह्यांनी नव्हे, आमदारांनी दिले होते, आणि या चारपैकी केवळ खुलन्यात हिंदू किंचित जास्त होते. सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफने खुलना पाकिस्तानला दिला आणि मुस्लीमबहुल मुर्शिदाबाद भारताला. बंगालची फाळणी ठरल्यावर आंबेडकरांची तिथली जागा गेली, आणि 1947 च्या जुलैमध्ये बॅ. मु. रा. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते काँग्रेसच्या पाठिंब्याने मुंबईतून संविधान सभेत परतले, हे दोन्ही बाजूंचे संदेश सांगत नाहीत.

सिल्हेटचा मुद्दा लवकर आटोपतो. आसामात राहायचे की पूर्व बंगालमध्ये, म्हणजे पाकिस्तानात, जायचे यावर 6 आणि 7 जुलै 1947 रोजी तिथे सार्वमत झाले, मंडल यांनी लीगच्या बाजूने प्रचार केला, आणि 2,39,619 विरुद्ध 1,84,041 मतांनी जिल्ह्याचा कौल पूर्व बंगालच्या बाजूने गेला. जिल्ह्यात मुसलमानांची संख्या सुमारे साठ टक्के होती आणि पूर्व बंगालच्या बाजूने पडलेली मते साडेछप्पन टक्के. दलितांच्या मतांनीच पारडे फिरले असे या आकड्यांवरून दिसत नाही. चहाच्या मळ्यांतील मजुरांना मतदानातून वगळल्याची तक्रार तेव्हाच झाली होती. संदेशात तिचा उल्लेख नाही.

राहिला पळून जाण्याचा दावा. 10 ऑगस्ट 1947 रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक मंडल यांच्याच तात्पुरत्या अध्यक्षतेखाली भरली, आणि पुढे ते कायदा व कामगार खात्याचे मंत्री झाले. 8 ऑक्टोबर 1950 च्या राजीनाम्याचे पत्र त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना कलकत्त्याहून पाठवले, कराचीत समोर उभे राहून दिले नाही. टीकाकारांचा हा आक्षेप मला मान्य आहे. पण ते पत्र जिवाच्या भीतीने खरडलेली चिठ्ठी नाही. पूर्व बंगालच्या मंत्रिमंडळात अल्पसंख्याकांना घेण्याची आश्वासने कशी मोडली, खुलना जिल्ह्यातील कालशिरा गावात पोलिसांनी आणि जमावाने नामशूद्र वस्तीचे काय केले, 1950 च्या फेब्रुवारीत ढाका आणि बारीसालमधल्या दंगलीत काय झाले, हे त्यात ओळीने येते. त्या दंगलीत सुमारे दहा हजार माणसे मारली गेल्याचा अंदाजही ते देतात. कालशिरा आणि बारीसालच्या आतल्या गावांत ते स्वतः फिरले होते. ज्या सरकारात बसून हे थांबवता आले नाही, त्या सरकारात आपण तीन वर्षे होतो, हा त्या पत्रातला सल त्यांच्या कोणत्याही टीकाकाराच्या वाक्यापेक्षा जड आहे. आणि इतका उशीर का लावला, हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा: पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनी भारतात निघून यावे, असे आंबेडकरांनी 1947 च्या नोव्हेंबरमध्येच जाहीरपणे सांगितले होते.

भारतात आल्यावर त्यांच्या वाट्याला कोणतेही पद आले नाही. पश्चिम बंगालमध्ये ते पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांमध्ये काम करत राहिले, निवडणुका लढले आणि हरले. 5 ऑक्टोबर 1968 रोजी सीमेलगतच्या बनगाव येथे ते वारले.