क्रॉस स्टिच अर्धवट का राहतं? उठताना काय करता त्यावर ठरतं

रुखवतासाठी काढायला घेतलेले राधाकृष्ण, दारावरचं 'सुस्वागतम्', दोन मोर आणि मधला कलश असलेलं तोरण. कोकणातल्या बऱ्याच घरांत कपाटाच्या खालच्या खणात असं काहीतरी घडी घालून ठेवलेलं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: वेळ कुठे मिळतो?

वेळ मिळतो, असं माझं मत आहे. तुकड्यातुकड्यांत मिळतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मुलं अभ्यासाला बसलेली असताना, दुपारी पडवीत सगळे आडवे झाल्यावर. पण त्या वीस मिनिटांतली दहा मिनिटं 'कुठवर आलो होतो' हे शोधण्यात जातात. ग्राफवर, म्हणजे चौकटींच्या छापील नमुन्यावर बोट फिरवायचं, कापडावर घरं मोजायची, सुई शोधायची, दोरा ओवायचा आणि दोन टाके घालेपर्यंत दूध उतू जायला लागतं. असं चार वेळा झालं की माणूस कापड काढतच नाही. घोडं अडतं ते बसण्यापाशी नव्हे, उठण्यापाशी.

आधी हिशोब करून टाकू, कारण पुष्कळ जणी तो न करताच चित्र निवडतात. १४ काउंटच्या कापडावर इंचाला १४ घरं बसतात. १०० बाय १४० घरांचं चित्र साधारण ७ इंच बाय १० इंच होतं, बघायला आटोपशीर. पण ते पूर्ण भरलेलं असेल तर १४,००० फुल्या होतात (दोन तिरके टाके मिळून एका घरात एक फुली). घरातलं सगळं सांभाळून भरणाऱ्या बाईचा वेग तासाला शंभर-सव्वाशे फुल्या धरा. म्हणजे ११० ते १४० तास. रोज अर्धा तास म्हटलं तरी साडेसात ते सव्वानऊ महिने, तेही एकही दिवस न चुकता. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, पण 'गणपतीपर्यंत होईल' असं म्हणायचंही कारण नाही.

म्हणून मी तासात मोजूच नये म्हणते, सुईत मोजावं. एक सुई म्हणजे हाताच्या बोटापासून कोपरापर्यंतचा, साधारण ४५ सेंटिमीटर दोरा. त्याहून लांब घेतला की तो कापडातून इतक्या वेळा ओढला जातो की शेवटी केसाळ होतो आणि गुंतत राहतो. दोन पदरी दोऱ्याच्या एवढ्या लांबीत १४ काउंटवर चाळीसेक फुल्या होतात, आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. घरातली फट नेमकी एवढीच असते. सकाळी सवड मिळाली तर तीन-चार सुया ओवून ठेवा, प्रत्येक रंगाची वेगळी. चाळिशीनंतर नेढ्यात दोरा घालणं हेच निम्मं काम असतं.

सुरुवातीची गाठ तर मुळीच नको. दोऱ्याची लडी सहा पदरी असते. त्यातला एकच पदर ९० सेंटिमीटर कापा, मधोमध दुमडा आणि दोन्ही टोकं एकत्र सुईत ओवा. मागून सुई वर काढली की मागे फास राहतो. पहिला तिरका टाका घालून सुई खाली नेताना ती त्या फासातून काढायची, की दोरा तिथेच अडकतो. हे दोन, चार अशा सम पदरांवरच जमतं, तीन पदरांना नाही. शेवटी मागच्या बाजूने चार-पाच टाक्यांखालून दोरा सरकवायचा आणि कापायचा. गाठी घातल्या की फ्रेम करताना पुढून उंचवटे दिसतात.

आता उठण्याबद्दल. हाक आली की आहे तिथे सुई खुपसून उठायचं, ही आपली सगळ्यांची रीत. त्याऐवजी चालू फुली पूर्ण करा, दोरा पुढच्या घराच्या भोकातून वर काढून ठेवा आणि ग्राफवर झालेली घरं पेन्सिलीने भरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. परत बसल्यावर दोरा स्वतःच सांगतो की इथून पुढे. फक्त दोन मिनिटांसाठी उठत असाल तर सुई चित्राबाहेरच्या मोकळ्या कडेला टोचा. रात्रभर ठेवायचं असेल तर सुई काढून चुंबकाला लावा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत सुईचा मुलामा लवकर जातो, आणि कापडात राहून गेलेली सुई एका पावसाळ्यात तांबूस डाग सोडून जाते. कापड ताणून धरणारी रिंगही काढूनच ठेवावी. रिंगचा वळ आणि हाताचा घाम दोन्ही महिनाभर तसेच राहिले की तिथे पिवळट गोल बसतो, धुतल्यावरही पुसट दिसतो.

टाक्याच्या पद्धतीबद्दल दोन मतं आहेत. काही जणी एकेक फुली पुरी करतात, काही जणी आधी अर्ध्या फुल्यांची ओळ घालून परत येताना त्या पुऱ्या करतात. दुसऱ्या पद्धतीने मागची बाजू स्वच्छ येते, पण पन्नास घरांची ओळ घेतलीत आणि मधेच पाहुणे आले तर अर्ध्या फुल्या तशाच लटकतात. घरच्या धबडग्यात दहा घरांपेक्षा मोठी ओळ घेऊ नये. वरचा तिरका टाका मात्र सगळीकडे एकाच दिशेला हवा. दोन दिशांना गेला की उजेड पडल्यावर तेवढा भाग वेगळ्या रंगाचा वाटतो. आई आणि मुलगी एकच तोरण भरत असतील तर पहिल्या दिवशी हे ठरवून घ्या. दोरा ओढण्याचा ताणही दोघींचा वेगळा असतो, तेव्हा एकीने मोर भरावा, दुसरीने अक्षरं. एकाच मोराचं अंग दोघींनी भरू नये.

दहा-दहा घरांची जाळी आखून घेतली तर मोजणी निम्म्याने कमी होते. त्यासाठी गळाला लावतात तो सगळ्यात बारीक नायलॉनचा दोरा उत्तम. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही बाजारात मिळतो. सुई त्याच्यातून आरपार जात नाही, म्हणून काम झाल्यावर तो सरळ ओढून काढता येतो. साधा शिवणाचा दोरा वापरलात तर तो टाक्यांत शिवला जातो आणि चिमट्याने उपसत बसावं लागतं. पेनने आखायचं असेल तर लक्षात ठेवा, आपोआप उडणारी जांभळी शाई दमट हवेत आणखी लवकर उडते, संध्याकाळी आखलेलं सकाळी दिसणार नाही. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईवर इस्त्री फिरवलीत तर ती पक्की बसू शकते. आधी गार पाण्यातून काढा, मग इस्त्री.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. क्रॉस स्टिचमध्ये दोन प्रकारचं काम असतं, डोक्याचं आणि हाताचं. मोजून रंगाची हद्द ठरवणं हे डोक्याचं, आत भराव घालणं हे हाताचं. आपण दोन्ही एकदम करतो, म्हणून टीव्ही लागला की चुकतं. वाडीला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालतात तसं करा. शांत दुपारी, भरपूर उजेडात, फक्त कडेच्या फुल्या मोजून घाला. पानाची कड, मोराच्या मानेची कड, अक्षराची कड. आतलं सगळं मोकळं सोडा. मग संध्याकाळी गप्पा मारताना, रेल्वेत, दवाखान्याच्या बाकावर फक्त भरत जायचं. ग्राफ लागत नाही आणि चूक व्हायला जागाच उरत नाही. शिवाय पिवळ्या बल्बखाली जवळजवळचे निळे-हिरवे ओळखू येत नाहीत. कडा दिवसा झालेल्या असल्या की तोही घोटाळा टळतो.

जुनं काम परत हातात घेताना थेट सुई ओवू नका. कापड खिडकीत धरा आणि आधी किती पदर वापरलेत ते बघा. दोन पदरांच्या कामात तीन पदर आले की तो तुकडा फुगलेला दिसतो. वरचा टाका कुठल्या दिशेला आहे ते बघा. मग झालेला सगळा भाग ग्राफवर रंगवा. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून मोजलं तर डोळ्यांना सोपं जातं. दुकानातल्या मॅटीवर, म्हणजे या जाळीदार कापडावर, इंचाला किती घरं ते बहुधा लिहिलेलं नसतं, तेव्हा आडवी आणि उभी दोन्हीकडे चार-चार इंचांत घरं मोजा. दोन्ही आकडे वेगळे आले तर तुमचा गोल कलश लांबट होणार आहे. तो दोष तुमच्या हाताचा नसतो.

दोरा संपलेला असतो हे आणखी एक कायमचं रडगाणं. एक लडी ८ मीटरची. दोन पदरांनी १४ काउंटवर, वाया जाणारा दोरा धरून, साधारण १७०० ते २००० फुल्या होतात. एकाच रंगाची पार्श्वभूमी असेल तर आधीच मोजा आणि सगळ्या लड्या एकदम घ्या. दोन वेगळ्या खेपांत रंगवलेल्या लड्यांचा नंबर एक असला तरी छटेत फरक पडू शकतो. नवी लडी आलीच तर दोन्हींच्या सीमेवर थोड्या फुल्या एक जुना पदर आणि एक नवा पदर अशा एकत्र घाला, जोड डोळ्यांत येत नाही. अँकर या कंपनीच्या दोऱ्याचा नंबर डीएमसी या दुसऱ्या कंपनीच्या नंबरात बदलून देणारे तक्ते सर्रास मिळतात, पण ते जवळपासचा रंग सांगतात, तंतोतंत नाही. नव्या फुलासाठी ते चालतात, अर्ध्या भरलेल्या पाकळीसाठी चालत नाहीत.

आता आपल्याकडचं वर्ष बघू. पावसात बाहेरची कामं थांबतात म्हणून पावसाळा भरतकामाचा, असा समज आहे. माझ्या मते पांढऱ्या कापडाला तोच सगळ्यात वाईट काळ. चिऱ्याच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ओल येते आणि घडीच्या रेषांवर काळे ठिपके पडतात. ते ठिपके धुऊन पूर्ण जात नाहीत, आणि क्लोरीनचं ब्लीच लावलं तर दोऱ्याचा रंग आणि सूत दोन्ही जातं. जिथे पडले असतील तिथे पार्श्वभूमीच्या फुल्या भरून झाकणं हाच व्यवहारी मार्ग. जूनपूर्वी कापड धुऊन, कडकडीत वाळवून, घडी न घालता गुंडाळी करा आणि जुन्या सुती साडीच्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचं तर आधी पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर ओल आतच कोंडते. सोबत औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. पावसात भरायचंच असेल तर गडद रंगाचं लहान काम घ्या.

एप्रिल-मे तर हात लावायलाच नको. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या रसाचा डाग कापडावर कायमचा बसतो. फणसाचा चीक खोबरेल तेलाने हातावरून जातो, पण मग तेच तेलकट बोट मॅटीवर टेकलं की काही महिन्यांनी तिथे पिवळा ठसा उमटतो. त्यात साठं, आमसुलं, आंब्याच्या पेट्या आणि मुंबईहून आलेली मुलं. या दोन महिन्यांत ग्राफ रंगवा, दोरे नंबरवार लावा, कापड आत ठेवा. भरायचे खरे महिने दिवाळीनंतरचे, शिमग्यापर्यंत. हवा कोरडी, उजेड स्वच्छ, घामही कमी.

चुकलेलं उसवायचं की नाही, यावर उगाच भांडणं होतात. एकटं फूल एका घराने सरकलं असेल तर सोडून द्या, कोणी मोजायला येत नाही. पण ती चूक पुढे कुठल्या जोडावर जाणार असेल, चौकटीचे कोपरे जुळणार नसतील, तर त्याच दिवशी उसवा. पुढून फुलीच्या मधोमध बारीक कात्रीने कापायचं आणि मागून चिमट्याने ओढायचं. उरलेले तंतू चिकटपट्टीने उचलतात. उसवलेला दोरा परत वापरू नका.

आणि सगळंच पूर्ण व्हायला हवं, हा आग्रहही सोडा. फोटोवरून संगणकाने बनवलेले ग्राफ असतात, त्यात चाळीस-पन्नास रंग आणि एकेकट्या विखुरलेल्या फुल्या. घरच्या धांदलीत ते होत नाहीत, कारण दर दोन टाक्यांनी दोरा बदलावा लागतो. असं काम अडलं असेल तर खुशाल थांबवा. तीन फुटी तोरणातला एक मोर पुरा झालाय? तेवढाच कापून उशीच्या अभ्र्यावर लावा. कापण्याआधी कडेने बारीक शिवण मारा, मॅटी पटकन उसवते.

पूर्ण झालेलं काम गार पाण्यात, सौम्य साबणाने किंवा रिठ्याने धुवा. लाल रंग सुटलाच तर घाबरून वाळत घालू नका, वाळला की डाग बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाणी बदलत राहा. मग टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री करा. काचेची फ्रेम करताना काच टाक्यांना टेकू नये म्हणून मधे पट्टी लावायला सांगा, आणि ती पावसाच्या बाजूच्या भिंतीवर टांगू नका. तोरणाला सुती अस्तर लावाल तर ते आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात तोरणाची खालची कड वर वळते.