गणपती झाले, आता गावात कोण उरलंय ते मोजा

आमच्या वाडीतला एकवीस दिवसांचा शेवटचा गणपती पण गेला. आणि त्याच्याबरोबर आम्ही पण बातम्यांतून गेलो. आता पुढच्या वर्षी श्रावण लागला की परत माइकवाले येतील, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये उभे राहून 'कोकणवासीयांचे हाल' म्हणून ओरडतील, तोपर्यंत रामराम.

बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण दुकानात गर्दी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माझं बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे कुठली योजना आली, कुठली गुपचूप बंद पडली आणि कुठलं सर्व्हर झोपलंय हे मला मंत्र्याच्या आधी कळतं.

सुरुवात त्या 'चाकरमानी' शब्दापासून करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सांगितलं की मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्यांना चाकरमानी म्हणू नका, कोकणवासीय म्हणा, तसं परिपत्रक काढा. कारण काय तर शब्द अपमानास्पद वाटतो. आता माझ्या बापाने लालबागला एका खोलीत चौदा माणसांत मिलच्या पाळ्या करत वर्षं काढली, ८२ च्या संपानंतर हात हलवत गावी आला. तो मरेपर्यंत स्वतःला चाकरमानीच म्हणायचा, त्याला त्या शब्दाचा अपमान कधी वाटला नाही, दुसऱ्या कशाकशाचा वाटला असेल. पण ते सोडा. गंमत ही की वासी म्हणजे राहणारा ना? मग जो नालासोपाऱ्याला राहतो आणि वर्षातून दोनदा येतो तो कोकणवासी, तर आम्ही बारा महिने इथे चिखल तुडवणारे कोण? आम्हाला सरकारदरबारी शब्दच नाही राहिला. आणि मला वाटतं हा नुसता शब्दाचा घोळ नाही, सगळं राजकारणच तसं चाललंय. कोकणासाठी म्हणून जे जे होतं ते कोकणात येणाऱ्यांसाठी होतं, असणाऱ्यांसाठी नाही.

२०२५ च्या गणपतीचंच बघा. टोल माफ, एसटीच्या पाच हजार जादा गाड्या, रेल्वेच्या साडेतीनशेच्या वर गणपती स्पेशल फेऱ्या. चांगलं केलं, माझा भाऊ त्यातल्याच एका गाडीने आला, उगाच नावं ठेवणार नाही. आणि ती रो-रो! कोकण रेल्वेने गाड्या वाहून न्यायची सेवा काढली, कोलाडला कार चढवायची आणि उतरवायची कुठे तर गोव्यात वेर्ण्याला. एका कारचे ७,८७५ रुपये. म्हणजे आमच्या गावाच्या छातीवरून गाडी गोव्याला जाणार आणि आम्ही फाटकात उभं राहून टाटा करायचं. बोंब झाल्यावर मग सिंधुदुर्गातल्या नांदगावला थांबा दिला. कागदावर ही सेवा कोकणासाठीच होती हां.

उलट रोजच्या प्रवासाचं बघा. रत्नागिरी-दादर पॅसेंजर होती, गरिबाची गाडी, आंब्याची पेटी नि मुलाबाळांना घेऊन थेट दादरला उतरायचं. कोरोनात बंद झाली ती परत आली तेव्हा ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनलाच थांबायला लागली, अजून तिथेच आहे. सत्तर वर्षांच्या म्हातारीने दिव्याला सामान घेऊन लोकल बदलायची, कधी दिव्याचा पूल बघितलाय का हो तुम्ही संध्याकाळी सातला? सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी २०१५ ला झाली, ते टर्मिनस पण अजून होतंच आहे. पण गणपती स्पेशल किती सोडल्या त्याचा आकडा दरवर्षी वाढवून सांगतात, टाळ्या.

मुंबई-गोवा हायवेवर काय लिहू. काम २०११ ला सुरू झालं तेव्हा माझी मुलगी जन्मली नव्हती, आता ती नववीत आहे. दरवर्षी मंत्री येतात, पाहणी करतात, हेल्मेट घालून फोटो काढतात आणि सांगतात गणपतीपूर्वी एक लेन पूर्ण करू, गणपतीपूर्वी खड्डे बुजवू. सगळे पक्ष, सगळी सरकारं, यात कोणी कोणाला बोलायला नको. माझा साधा प्रश्न आहे, मुदत नेहमी गणपतीपूर्वीच का असते? आम्ही आषाढात जात नाही काय त्या रस्त्याने? बाळंतीण काय गणपती बघून बाळंत होते? खड्डा बुजवतात तो पण दहा दिवस टिकेल असाच बुजवतात, अनंत चतुर्दशीनंतर खडी परत बाहेर. चिपळूणला बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधता बांधता कोसळला, त्याचं पुढे काय झालं हे नाक्यावरच्या चहावाल्याला जेवढं माहिती आहे तेवढं विधानसभेत कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

आणि जमत नाही असं नाही! महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसट्या गेल्या माणसांसकट. त्यानंतर नवीन पूल १६५ दिवसांत उभा केला. मी त्याच्यावरून जातो तेव्हा दर वेळी मनात हेच येतं की एकशे पासष्ट दिवसांत होऊ शकतं तर.. जाऊ दे.

आता मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात कोकणी माणूस आळशी, भांडत नाही, भाऊबंदकीत अडकलेला. असेल. पण आमचा आवाज का जात नाही याचं एक कारण साधं वजाबाकीचं आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांचा, २०११ ला १६ लाख १५ हजारांचा. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. देशाची लोकसंख्या धो धो वाढत होती तेव्हा आम्ही घटत होतो. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे बायका ११२२, ते काय मुलींवर आमचं फार प्रेम म्हणून नाही, पुरुष इथे नाहीत म्हणून. आमच्या वाडीत बावीस घरं, दिवा लागतो नऊ घरांत. त्यातली तीन घरं एकट्या बाईमाणसाची.

आणि माणसं गेली की आमदार पण जातात, हे किती जणांना ठाऊक आहे? २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली. त्याच्या आधी रत्नागिरी जिल्ह्यात सात आमदार होते, ते पाच झाले. सिंधुदुर्गात चार होते ते तीन. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात, तो अख्खा मतदारसंघच गेला, खेडचा पण गेला, तालुक्याचे तुकडे करून आजूबाजूला चिकटवले. लोकसभेचं पण तेच, ज्या राजापूरने नाथ पै दिले, मधू दंडवते दिले, तो राजापूर लोकसभा मतदारसंघ आता नाहीच. दोन जिल्ह्यांचा मिळून एक खासदार, आणि दापोली-गुहागर रायगडला जोडलेले, म्हणजे गुहागरच्या माणसाने खासदार अलिबागकडे बघून शोधायचा. त्याच फेररचनेत ठाणे जिल्ह्याचे आमदार तेरावरून चोवीस झाले. आमची माणसं ठाण्याला गेली आणि आमचे आमदार पण सामान बांधून त्यांच्या मागनं गेले, असं समजा!

आता २०२७ ला जनगणना आहे, माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कोकणात कोण असतं? आंब्याला मोहोर, बागेत राखण करायला नेपाळी आणि घरात म्हातारा-म्हातारी. शिमगा त्या वर्षी पुढे, मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे पालखी नाचवायला पोरं येतील तोवर मोजणारे कधीच निघून गेलेले. त्यानंतर परत फेररचना होणार. तामिळनाडूत तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी २०२५ मध्ये त्याच्यावरून आरडाओरडा केला की आमच्या जागा कमी करू नका. आमच्याकडे एका तरी पुढाऱ्याने, सत्तेतल्या की विरोधातल्या, हा विषय काढल्याचं आठवतंय का कुणाला? आमचे नेते एकमेकांच्या बापाचा उद्धार करण्यात एक नंबर, त्यांची क्लिप रात्रीत लाखभर फिरते, आणि आम्ही पण ती फॉरवर्ड करतो, मी पण केलीय.

ह्याच्यात आमचा पण वाटा आहे ते लपवत नाही. मतचोरी मतचोरी चाललंय, राहुल गांधींनी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातल्या एका मतदारसंघाच्या याद्या दाखवल्या. त्यात खरं किती ते निवडणूक आयोगाने नीट कागद दाखवून सांगावं, नुसतं 'शपथपत्र द्या' म्हणून भागत नाही. पण मित्रांनो, दुबार नाव म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. आमच्याकडे एक विरारला, एक गावाला. मतदानाच्या आदल्या रात्री फुकटच्या बसेस सुटतात, जेवणासकट, बसच्या पुढच्या काचेवर मंडळाचा बोर्ड. हे सगळे पक्ष करतात आणि आम्ही हौसेने करू देतो, कारण नाव काढलं तर गावाशी नातं तुटेल असं वाटतं, रेशनकार्डासारखं. माझ्या सख्ख्या भावाचं नाव दोन्हीकडे आहे. मी त्याला गणपतीत बोललो, नाव एकीकडे ठेव, हवं तर गावचंच ठेव पण मग गावचा हिशोब पण विचार. तर तो म्हणाला 'दादा, तुला मोदक गोड लागत नाहीत काय?' वहिनी हसली. विषय संपला.

गावचा हिशोब विचारायचा तरी कोणाला म्हणा. जिल्हा परिषद मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाच्या हातात होती. साडेतीन वर्षांहून जास्त सदस्यच नव्हते! ओबीसी आरक्षणाच्या केसमध्ये निवडणुका अडकल्या, सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलं चार महिन्यांत घ्या, सप्टेंबरमध्ये परत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. दुसरीकडे कुठे आमदार नसता तर दंगल झाली असती. पण वाडीतल्या माणसाचं आमदाराशी वर्षातून एकदा काम पडतं, झेडपी सदस्याशी रोज पडतं. पाखाडीची म्हणजे पायऱ्यांच्या वाटेची फरशी, शाळेचं छप्पर, नळाची लाइन. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात बाया टँकरच्या मागे, हे सांगायचं कोणाला? प्रशासक साहेब मीटिंगमध्ये असायचे. साहेबांची चूक नाही, त्यांना मत मागायला यायचंच नव्हतं.

मागच्या जूनमधली गोष्ट सांगतो. रात्री दीडला शेजारच्या आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. रस्ता वाडीच्या खाली, मध्ये एकशे दहा पायऱ्यांची पाखाडी, वरून पाऊस. आप्पांना खुर्चीत बसवून उतरवायचं तर चार खांदे पाहिजेत. आम्ही किती निघालो? मी, शाळेतले मास्तर, बासष्ट वर्षांचा विठूकाका आणि बागेतला नेपाळी गुरखा. गुरखा नसता तर आप्पा वरच राहिले असते. खाली सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता, बिचारा चांगला होता, पण एकटा, म्हणाला इथे काही होणार नाही, कोल्हापूर गाठा. आंबा घाट, धुकं, गाडीचा एक वायपर बंद. आप्पा वाचले. आता कोणी मला विकास विकास बोलायला लागला की मी त्याला विचारतो, रात्री दीडला तुमच्या वाडीत चार खांदे आहेत का?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला सुरुवात झाली तेव्हा दुकानात रांग. मी त्या दीड हजारांच्या विरोधात नाही, आमच्याकडच्या बायांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे आले, त्यातून कोणी गॅस भरला, कोणी औषधं आणली, ज्यांना ते खिरापत वाटतं त्यांनी एक महिना त्या पैशावर राहून दाखवावं. पण ही केवायसी बनवणाऱ्याला कोकण माहीत नाही. बाईचा आधार टाकायचा, मग नवऱ्याचा, आणि नवऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जायचा. नवरा कुठाय? मुंबईत. नाहीतर बोटीवर खलाशी, समुद्रात.

तेव्हा एका सकाळी वरच्या वाडीतली काकी आली, पुढच्या फेरीचे तीस रुपये वाचावेत म्हणून अर्धी वाट चालत. आधार टाकला, साइट दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा पुढे गेली. ओटीपी गेला. तिने फोन लावला, काका भाईंदरला वॉचमन आहेत, रात्रपाळी करून झोपलेले. तीनदा रिंग गेली. चौथ्यांदा उचलला, म्हणाले थांब चष्मा बघतो. इकडे स्क्रीनवर सेकंद उलटे चाललेले. काकीचा जीव वरखाली, 'अवो बगा ना लवकर, सा आकडे हायत.' काकांनी चार सांगितले आणि रेंज गेली.

वेळ संपली. काकी म्हणाली जाऊ दे भाऊ, उद्या येते, उद्या त्यांची सुट्टी आसा.