म्हातारपणीचा शोक हे अज्ञान नव्हे

यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत सध्या एक लांबलचक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा की एकटेपणा हा शहरातल्या फ्लॅटचा रोग आहे, खेड्यात म्हातारी माणसे एकटी पडत नाहीत. गीतेने शोकाला अज्ञान म्हटले आहे आणि परदेशातले, संयम शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञही तेच सांगतात. मुलगा गेल्यावर गाडगेबाबा रडले नाहीत, तर आपण कोण. तेरवी झाली की मागचे विसरावे. आणि अपेक्षा सोडून नामस्मरणात रमले की माणसांची गरजच उरत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. परंतु नुकतीच बायको गेलेल्या सत्तरीच्या माणसाला नातवाने हा संदेश मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे त्याच्या दुःखात अपराधाची भर पडते. म्हणून यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

खेड्यात म्हातारे एकटे नसतात, हे पहिले विधान. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरील सुमारे १०.४ कोटी लोक मोजले गेले आणि त्यांतले सुमारे ७.३ कोटी खेड्यांत राहत होते. म्हणजे हा प्रश्न असेल तर तो आधी गावाचा आहे. मुले पुण्याला, नागपूरला, बुटीबोरीच्या कारखान्यांत गेली आणि वावर म्हाताऱ्यांकडे राहिले, हे आपण रोज पाहतो. तरीही मी बोट ठेवू इच्छितो ते भरल्या घरातल्या एकटेपणावर. आमच्याकडचे एक वृद्ध शेतकरी सून, मुलगा आणि नातवंडांसह राहतात, त्यांना दोन वेळची भाकर वेळेवर मिळते. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि हे व त्यांचे एक मित्र गाडीखाली पोते अंथरून रात्र काढत. कोणत्या रात्री कोणाचा बैल सुटला आणि कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरशी कशावरून भांडण झाले, हे ते सांगू लागले की नातू म्हणतो, "आबाजी, हे तं सांगतलं होतं तुमी." नातवाचे काही चुकत नाही, गोष्ट त्याने खरोखरच ऐकलेली असते. पण तो मित्र असता तर म्हणाला असता की बैल त्या रात्री नाही, दुसऱ्या रात्री सुटला, आणि मग दोघांचा तासभर वाद रंगला असता. मित्र गेला, बायकोही गेली. आता त्यांच्या तरुणपणाबद्दल त्यांची चूक काढू शकेल असे गावात कोणी उरलेले नाही. आपल्या आयुष्याला साक्षीदार न उरणे हा एकटेपणा घरातल्या माणसांची संख्या मोजून दिसत नाही, म्हणूनच तो नाकारणे इतके सोपे जाते.

दुसरे विधान गीतेचे, आणि ते सर्वांत जास्त दडपण आणणारे आहे. दुसऱ्या अध्यायात पंडित शोक करत नाहीत असे म्हटले आहे, हे खरेच. मात्र ते कोणाला आणि केव्हा सांगितले आहे हे वगळून चालणार नाही. समोर धनुष्य टाकून बसलेला योद्धा आहे, त्या रणांगणावर अजून कोणी मेलेले नाही आणि प्रश्न त्याच्या कर्तव्याचा आहे. माणसे प्रत्यक्ष मेल्यानंतर काय होते, हे त्याच महाभारताने पुढे सविस्तर सांगितले आहे. स्त्रीपर्व हे पर्वच विलापाचे आहे. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर राज्य सोडायला निघतो.

आणि मग आश्रमवासिक पर्व येते, जे संदेश लिहिणाऱ्याने वाचायला हवे होते. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती म्हातारपणी वनात राहत असताना व्यास त्यांना भेटायला येतात. गांधारी सांगते की युद्धाला सोळा वर्षे झाली, तरी पुत्रांसाठी शोक करणाऱ्या या राजाला शांती नाही. सोळा वर्षे! व्यास तिला असे म्हणत नाहीत की एवढा काळ रडणे अज्ञान आहे. कुंतीही कर्णाच्या जन्माची मनात सलणारी गोष्ट बोलते आणि त्याला एकदा पाहायची इच्छा सांगते. व्यास तिला तुझा अपराध नाही असे सांगतात. मग ते गंगेतून त्या सर्व मृतांना एका रात्रीपुरते वर आणतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी क्रम पाहावा: व्यास स्वतः चालत आले, मनात काय आहे ते त्यांनी विचारले, पूर्ण ऐकले आणि अपराधाची भावना काढून घेतली. संदेश याच्या नेमके उलट करतो. वानप्रस्थाचा दाखला देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की धृतराष्ट्र वनात एकटा गेला नव्हता. गांधारी, कुंती, विदुर आणि संजय बरोबर होते, आणि जाण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, खाट टाकून दिलेल्या म्हातारीने असा कोणताही निर्णय घेतलेला नसतो.

स्टोइकांबद्दल थोडक्यात. त्यांच्यातला प्रसिद्ध सेनेका मित्राच्या मृत्यूने दुःखी झालेल्या ल्युसिलिअसला संयम शिकवणारे पत्र लिहितो, आणि त्याच पत्रात कबूल करतो की आपला मित्र सेरेनस गेला तेव्हा आपणही प्रमाणाबाहेर रडलो होतो.

गाडगेबाबांचा प्रसंग विदर्भात कोणाला सांगावा लागत नाही. कीर्तन चालू असताना मुलाच्या मृत्यूची बातमी आली आणि असे कोट्यानुकोटी गेले, एकासाठी काय रडू, अशा अर्थाचे ते बोलले, असे सांगितले जाते. या वाक्यात मृत्यूचे दुःख नाकारलेले मला दिसत नाही. इतर कोट्यवधी मृतांचे दुःखही आपलेच आहे, असे म्हणणारा माणूस बोलतो आहे, आणि बाबांनी बांधलेल्या धर्मशाळा त्याच जाणिवेतून उभ्या राहिल्या. शिवाय ती कसोटी त्यांनी स्वतःला लावली होती. दुसऱ्याच्या दारात जाऊन ती त्याला लावणे हा वेगळा व्यवहार आहे. तुकोबांनी दुष्काळात अन्नावाचून गेलेल्या पत्नीचे दुःख अभंगात नोंदवले. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा त्यांचे गुरू असलेल्या निवृत्तिनाथांची झालेली अवस्था नामदेवांच्या अभंगांत आहे. त्यांच्याहून अधिक ज्ञान आपल्या म्हाताऱ्यांकडून अपेक्षिणे उचित नाही.

तेरवीनंतर विसरावे, हे तर आपल्या प्रथेलाही धरून नाही. पितृपक्षात आपण दरवर्षी गेलेल्यांना जेवू घालतो, अक्षय तृतीयेला त्यांच्या नावाने घागर भरतो. विसरायचे असते तर हे कशासाठी ठेवले असते? आणि आपल्या भागात असे असंख्य आईबाप आहेत ज्यांच्या मुलाने कर्जापायी जीव दिला. तिथे तेरवी आटोपते, पण चौकशी आटोपत नाही. सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, याचे कागद जमवत म्हातारा बाप तहसीलच्या पायऱ्या चढतो आणि शेवटी प्रकरण १ लाख रुपयांच्या मदतीला पात्र किंवा अपात्र ठरते. अपात्र हा शब्द कानी पडलेल्या बापाला आपला मुलगाच खोटा ठरवला गेल्यासारखे वाटते. त्याला विसरण्याचा उपदेश करण्यात मला निष्ठुरता दिसते.

राहिले नामस्मरण. त्याचा आधार मोठा आहे याबद्दल माझा वाद नाही. परंतु नामस्मरणाने माणसांची गरज संपते, हे ज्या परंपरेच्या नावाने सांगितले जाते ती परंपराच दिंडीने चालते आणि भजनी मंडळात टाळ धरते. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी नेली ती प्रार्थना सामुदायिक होती. गुडघे गेलेली म्हातारी देवळापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तिचे नाम सुटत नाही, सोबत सुटते. आठवड्यातून एखादा हरिपाठ देवळाऐवजी तिच्या सपरीत म्हणायला भजनी मंडळाला काही खर्च येत नाही, आणि चार बायका त्या निमित्ताने बसल्या की हरिपाठ संपल्यावर ती तिच्या मालकाबद्दल बोलते.