पोचपावती तेवढी सोडून बोला!

मला पत्र पाठवायचंच नव्हतं हो! पत्रातलं सगळं जुन्या घरमालकाला तोंडावर, फोनवर, व्हॉट्सअॅपवर दहादा सांगून झालंय. डिपॉझिटचे ६० हजार द्या, एवढंच. मला हवी होती ती पोचपावती. वकील म्हणाले, "रजिस्टर एडी, म्हणजे पोचपावतीसकट रजिस्टर पत्र टाका, पावत्या जपून ठेवा."

टाकतो म्हणालो. अर्धा दिवस रजा टाकून पोस्टात गेलो. अर्ध्या तासानं नंबर लागला, तर खिडकीतल्या बाई म्हणतात, "रजिस्टर बंद झालं. आता स्पीड पोस्ट." २०२५ मध्ये दोन्ही एकत्र केलंय म्हणे. वकिलांना फोन लावला, तर ते तिकडून ओरडले, "नुसती स्पीड पोस्ट नको! कायद्यात रजिस्टर्ड पोस्ट हा शब्द आहे!" १८९७ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट, कलम २७. पत्ता बरोबर लिहून, पैसे भरून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं, तर उलटं सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असं धरतात. हे बाईंना सांगितल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तसं सांगा ना. पाच रुपये आणि वर जीएसटी भरला की रजिस्ट्रेशन होतं."

अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि फोनवर बोलत होतो तेवढ्यात मागचे दोघं पुढे घुसले ते वेगळंच. माझा नंबर परत आला तेव्हा सर्व्हर गेला. टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीत डिंकाचा खडा, त्यात रुतलेली काडी. पाकीट शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे चिकटवलं.

पत्र जायचं कुठं, तर याच शहरात, चार किलोमीटरवर. पुढचे तीन दिवस ट्रॅकिंगवर काय? दार बंद. दार बंद. दार बंद. हा माणूस रिटायर्ड आहे! सकाळी सातपासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय, कुठं निघालात?" विचारत असतो. त्याचं दार बंद? पोस्टमनकाकांवर दोन-दोन बीट, म्हणजे वाटपाचे भाग, टाकलेत, मान्य. पण मग "वेळ मिळाला नाही" लिहा की. माझ्या घरमालकाला फिरायला का पाठवता?

चौथ्या दिवशी अचानक "डिलिव्हर्ड". कुणाच्या हातात दिलं, सही कुणाची, काही पत्ता नाही. पोचपावतीची वाट बघत महिना गेला. बुकिंगच्या खिडकीवर गेलो, तर "डिलिव्हरी ऑफिसला विचारा." तिथं गेलो, तर "जिथं बुक केलं तिथं तक्रार द्या." ऑनलाइन तक्रार केली, तर दोन दिवसांत निकाल: पत्र पोचलं आहे, तक्रार बंद. अरे, पत्र पोचलं नाही असं मी म्हणतोय कुठं? पोचल्याची सही दाखवा म्हणतोय!

काल घरमालकाचा मेसेज आला. "कसलं पत्र? आम्हाला काही मिळालं नाही." खाली हात जोडलेला इमोजी.

आता माझ्याकडे उरलीय ती फक्त बुकिंगची पावती. तीही त्या गुळगुळीत एटीएमछाप कागदावरची. फाईल उघडून बघितली, तर अक्षरं उडायला लागलीत. ट्रॅकिंग नंबरातले शेवटचे तीन आकडे उजेडाकडे तिरके धरल्याशिवाय दिसत नाहीत. चाललोय परत त्या झेरॉक्सवाल्याकडे.